पहिली झालेली मुलगी परत पहिलीत? न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये नाव घालताना

मिरजेची_मुग्धा | १८ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी मिरजेहून इकडे आलो. नवऱ्याची कंपनीने बदली केली, एल-१ व्हिसावर तो आणि एल-२ वर मी आणि लेक. सेंट्रल जर्सीतली एक टाऊनशिप आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या बाईंबद्दल कुरकुर करणार आहे त्यांच्याच हातात माझ्या पोरीची फाईल आहे.

लेकीचं नाव ईरा. मिरजेला मराठी शाळेत पहिली पूर्ण झाली. जूनमध्ये दुसरीची पुस्तकं आणली, खाकी कव्हरं घातली, नावाच्या चिठ्ठ्या तिने स्वतः चिकटवल्या. दीड महिना दुसरीत बसलीसुद्धा.

इथे आल्यावर नवऱ्याने रात्री जागून स्कूल डिस्ट्रिक्टच्या (गावातल्या शाळांचा कारभार बघणारं मंडळ) साईटवर फॉर्म भरला. ईराची जन्मतारीख ८ नोव्हेंबर २०१८. त्याने आयुष्यभराच्या सवयीने ०८/११/२०१८ टाकली. फॉर्मने ती ११ ऑगस्ट धरली. दोन दिवसांनी मेल आली, सेकंड ग्रेड. आम्ही खूश. पहिली झाली, आता दुसरी, सरळ हिशोब. मिरजेला फोन झाला, सासऱ्यांनी शेजारी पेढेसुद्धा दिले.

परवा कागद घेऊन रजिस्ट्रेशन ऑफिसात गेलो. बाईंनी जन्मदाखला घेतला. आपल्या दाखल्यावर तारीख आकड्यांखाली अक्षरांतही असते. बाईंचं बोट ‘नोव्हेंबर’वर थांबलं. मग स्क्रीनकडे बघितलं, मग परत दाखल्याकडे. दोनचार कळा दाबल्या आणि म्हणाल्या, फर्स्ट ग्रेड. झालं. दोन मिनिटांत माझी मुलगी एक इयत्ता खाली आली. ती शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिला ‘फर्स्ट’ कळतं. बाहेर आल्यावर विचारते, ‘आई, मी नापास झाले का?’

आता बाकीचे प्रश्न, एका दमात लिहिते.

घराचा पुरावा. सध्या कंपनीच्या गेस्ट हाऊसवर आहोत, ते शेजारच्या टाऊनशिपमध्ये येतं. आमचं अपार्टमेंट १ सप्टेंबरपासून मिळणार. लीज फक्त नवऱ्याच्या नावावर. बाई म्हणाल्या, पत्त्याचे चार पुरावे आणा, त्यात लाइटचं बिल पाहिजेच. अहो, जिथे अजून पाय ठेवला नाही तिथलं बिल कुठून आणू? शाळा ४ तारखेला सुरू होते.

शाळा सोडल्याचा दाखला. तो आणलाय. पण कुणीतरी सासऱ्यांच्या डोक्यात घातलंय की त्यावर मंत्रालयाचा शिक्का आणि मग अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) पाहिजे. ते ७१ वर्षांचे आहेत आणि महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढून मुंबईला निघालेत.

लसी. मिरजेच्या डॉक्टरांची फाईल आहे, सगळं वेळेवर झालंय. तरी शाळेच्या नर्सने फाईल परत पाठवलीय. म्हणे ‘२२ वा महिना कुठला?’ (डोस २२/०६/२०२० ला दिलेला आहे.) आणि गोवराची एक लस धरणार नाही म्हणतात.

आणि शेवटचं, ज्याच्यावरून घरात वाद चाललाय. फॉर्ममध्ये एक पान आहे: मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोलायला शिकलं, घरात कुठली बोलता, मूल कुठली बोलतं. नवऱ्याच्या ऑफिसातले सगळे सांगतात, डोळे झाकून इंग्लिश लिही, मराठी लिहिलंस तर ईएसएलचा (इंग्लिश न येणाऱ्या मुलांची वेगळी शिकवणी) शिक्का बसतो आणि पोर मागे पडतं. ईराला ‘माय नेम इज’, रंग आणि आकडे एवढंच इंग्लिश येतं. काय लिहू?

जर्सीकर_काका

सर्वात आधी सासऱ्यांना फोन कर आणि तिकीट रद्द करायला सांग. बाकीचं नंतर वाच.

सांगितलं का? बरं. अपोस्टिल, मंत्रालय, नोटरी यातलं काहीही इथल्या पब्लिक स्कूलला लागत नाही. शाळा सोडल्याचा दाखला ही आपल्याकडची पवित्र गोष्ट आहे, इथे तिला कुणी ओळखत नाही. प्रगतिपुस्तक असेल तर दे. मराठीत असेल तर खाली पेनाने इंग्लिशमध्ये अर्थ लिही, तेवढं बस्स. मी २००३ साली मुलाच्या दाखल्यावर सही-शिक्क्यांची माळ घेऊन आलो होतो. बाईंनी तो उलटा धरून झेरॉक्स काढला.

आता घर. इथे शाळा ही गावाची असते, सरकारची नाही. जर्सीत पाचशेच्या वर डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येकाचा मोठा पैसा घरपट्टीतून येतो. म्हणून पत्त्याचा एवढा बाऊ. शेजारच्या गावातली पोरं खोटा पत्ता देऊन घुसतात, म्हणून डिस्ट्रिक्ट माणसं ठेवून घरी जाऊन तपासतात सुद्धा. बाईंना तुझ्याशी वैर नाही, त्यांना त्याचीच सवय झालीय.

पण ‘हाच कागद पाहिजे’ असं त्यांना म्हणता येत नाही. राज्याच्या नियमात स्पष्ट आहे, तुम्ही जे कागद द्याल ते सगळे मिळून बघायचे, एखादा विशिष्ट कागद नाही म्हणून मूल परत पाठवायचं नाही. सही झालेलं लीज, घरमालकाचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट नव्या पत्त्यावर वळवलेलं, लाइटचं कनेक्शन घेतल्याचा मेल, कंपनीचं पत्र, यातलं जे हाताला लागेल ते ने. बिल नाही तर कनेक्शनचा मेल. लीज नवऱ्याच्या नावावर असलं तरी काही अडत नाही, तो बाप आहे ना तिचा.

तरीही नाही म्हणाले तर लेखी मागायचं. नकार लेखी द्यावा लागतो, त्याविरुद्ध २१ दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अपील करता येतं, आणि अपील चालू असताना मूल शाळेत बसतं. तुझ्यावर ही वेळ येणार नाही. पण ‘कॅन आय हॅव इट इन रायटिंग?’ एवढं एक वाक्य पाठ करून ठेव. हे ऐकलं की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

एक खाचखळगा मात्र बघ. पोस्टाचा पत्ता आणि डिस्ट्रिक्ट एक असेलच असं नाही. ‘प्रिन्स्टन’ पत्ता असलेली कितीतरी घरं प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर नाहीतर माँटगोमेरीत आहेत आणि त्यांची शाळाही तिकडची. आमच्या ओळखीत एकाने पाकिटावरचं गाव बघून लीज सही केलं आणि मग कपाळाला हात लावला. तुझं घर टॅक्सच्या हिशेबाने कुठल्या टाऊनशिपमध्ये आहे ते लीजिंग ऑफिसला विचारून घे. गेस्ट हाऊसचा पत्ता फॉर्ममध्ये कुठेही घालू नकोस, नाहीतर शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या दारात जाऊन उभी राहशील.

व्हिसा मागितला का? लिहिलं नाहीस, पण बरेचदा सहज मागतात. ते बंधनकारक नाही. १९८२ साली टेक्सासच्या खटल्यात, प्लायलर विरुद्ध डो, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कागद नसलेल्या मुलालाही फुकट शाळा नाकारता येणार नाही. तेव्हापासून शाळेने मुलाच्या इमिग्रेशनचा प्रश्न प्रवेशाला अडकवायचा नाही. सोशल सिक्युरिटी नंबरही सक्तीचा नाही. तुमच्याकडे सगळं आहे, तरी माहीत असावं.

आणि फर्स्ट ग्रेड. आपल्याकडे ३१ डिसेंबरला सहा पूर्ण म्हणजे पहिली. इथे बहुतेक डिस्ट्रिक्ट १ ऑक्टोबरची रेघ मारतात. त्या दिवशी पाच पूर्ण असतील तर केजी, सहा तर फर्स्ट. तुझी ८ नोव्हेंबरची, म्हणजे त्या रेघेवर ती सहाच. ११ ऑगस्ट धरली तर सात. म्हणून फॉर्मने तिला वर चढवलं आणि बाईंनी खाली उतरवलं. दोघांनीही आपापल्या परीने गणित बरोबर केलं. प्रिन्सिपलला भेटून परत विचार करा म्हणता येतं, पण मी तुझ्या जागी असतो तर गेलो नसतो.

सुई_टोचणारी_मावशी

मुग्धा, मी एका बालरोगतज्ज्ञांकडे मेडिकल असिस्टंट आहे. ऑगस्टमध्ये आमच्याकडे रोज पाच-सहा फाईली पुण्या-नाशिकच्या, नाहीतर हैदराबादच्या असतात. तुझी फाईल न बघताच सांगते काय झालं असेल.

गोवराची जी लस धरणार नाहीत ती नऊ महिन्यांची आहे. बरोबर? भारतात पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, कारण तिथे गोवर लवकर गाठतो. इथे पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला अशी एकत्र लस) शाळेच्या हिशेबात येत नाही. पंधराव्या महिन्याचा धरतील. शाळेला दोन लागतात, म्हणजे तिला एक अजून घ्यावी लागेल. डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही, त्यांनी तिथलं वेळापत्रक अगदी बरोबर पाळलंय. घाबरून सगळं पहिल्यापासून टोचून घेऊ नकोस. तशी माणसंही बघितलीत.

ज्यांचं लसीकरण सरकारी दवाखान्यात झालंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी, कारण हा धागा बाकीचेही वाचतील. तिथे एमआर देतात, त्यात गालगुंडाची लस नसते, इथे ती पाहिजे. आणि पोलिओचे थेंब: १ एप्रिल २०१६ नंतर पाजलेले थेंब इथे धरत नाहीत, कारण तेव्हापासून जगभर थेंबांतून पोलिओचा एक प्रकार काढून टाकला. इंजेक्शनचे डोस धरतात. पल्स पोलिओच्या रविवारी दर वेळी बोटाला शाई लावून घेतली होती म्हणून आया माझ्याशी भांडतात. भांडून उपयोग नाही, इंजेक्शनाच्या नोंदी शोधा.

तारखांचं: एका कोऱ्या कागदावर सगळ्या लसी पुन्हा लिही. लसीचं नाव, आणि महिना अक्षरांत. ‘२२ जून २०२०’ असं, इंग्लिशमध्ये. तो कागद मूळ फाईलवर पिन कर. नर्सला बावीसावा महिना सापडत नाही हे आपल्याला विनोदी वाटतं, पण खरा घोटाळा २२ चा नसतो, तो तर लगेच पकडला जातो. घोटाळा १०/०८ चा असतो. ती तारीख त्यांना ऑक्टोबरची वाटते आणि कुणाला शंकाही येत नाही. तुमच्या घरी तर हे फॉर्मवरच घडलंय.

आता टीबी. ईराच्या डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, व्रण असेल. भारतातून पहिल्यांदाच इथल्या शाळेत येणाऱ्या मुलांची जर्सीत टीबी तपासणी मागतात. ती दोन प्रकारे होते. एक, हाताच्या कातडीत टोचून दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजायचा. बीसीजी झालेल्या मुलाचा हात त्यात उगाच फुगू शकतो, मग छातीचा एक्स-रे आणि आईबापांची झोप उडणं. दुसरी रक्ताची, क्वांटिफेरॉन वगैरे. तिला बीसीजीचा फरक पडत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांग, ‘बीसीजी झालंय, रक्ताची करा.’

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक सांगते. एमएमआर ही जिवंत लस आहे. टीबीची तपासणी त्याच दिवशी कर, नाहीतर चार आठवडे थांबावं लागतं, कारण लसीनंतर तपासणीचा निकाल फसवू शकतो. एमएमआर सोमवारी घेतली आणि टीबीसाठी गुरुवारी आले, अशांना मी दर ऑगस्टला परत पाठवते. कांजण्यांची राहिली असेल तर तीही जिवंत, तीही त्याच दिवशी, नाहीतर २८ दिवसांनी.

४ सप्टेंबरच्या आत अपॉइंटमेंट मिळणार नाही हे मीच तुला सांगते. आमच्याकडे आज फोन केलास तर तिसऱ्या आठवड्यातली देईन. पण परदेशातून आलेल्या मुलाला कागद पुरे करायला ३० दिवसांची मुदत असते. नर्सला अपॉइंटमेंटची तारीख लेखी दे. डॉक्टरांकडून शाळेचा तपासणीचा फॉर्म भरून घ्यायचा असतो, तो डिस्ट्रिक्टच्या साईटवरून छापून बरोबर ने. विसरलीस तर परत खेप.

कोथरूड_ते_क्युपर्टिनो

भाषेच्या पानाबद्दल उलट बाजूने. माझा मुलगा पुण्यात इंग्लिश मीडियमला होता. घरी मराठी. आम्ही प्रामाणिकपणे मराठी लिहिलं. लगेच त्याची भाषेची चाचणी, आणि लाजाळू असल्यामुळे तो बाईंसमोर गप्प बसला. गेला ईएसएलमध्ये. वर्षभर रोज अर्धा तास त्याला वर्गातून उठवून नेत आणि परत आला की बाकीचे विज्ञानाचा प्रयोग आवरत असत. त्याला बाहेर काढायला आम्हाला वार्षिक परीक्षेपर्यंत थांबावं लागलं. दुसऱ्याच्या वेळी मी सरळ इंग्लिश लिहिलं आणि झोप चांगली लागली. खोटं बोला म्हणत नाही, पण त्या पानाला परिणाम असतात एवढं लक्षात घ्या.

डबा_संपव

मी एका एलिमेंटरी शाळेत लंच एड आहे, म्हणजे मधल्या सुट्टीत पोरांची राखण. मूळची अकोल्याची. कोथरूडकर, तुमचं दुःख खरं, पण तुमच्या पोराला इंग्लिश येत होतं. मुग्धाताईच्या लेकीला येत नाही. दोन्ही केस एका तराजूत नका टाकू बाप्पा.

दोन वर्षांमागची गोष्ट. आपल्याकडचीच एक मुलगी आली, फर्स्ट ग्रेडला. घरच्यांनी फॉर्मवर इंग्लिश लिहिलेलं. त्यामुळे तिच्यासाठी कुणी नाहीच. कॅफेटेरियात ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची, काही बोलायची नाही, नुसती फ्रॉकची कड पिळायची. चौथ्या दिवशी फ्रॉक ओला झाला. मी तिला मराठीत विचारलं तर म्हणे, ‘शूला काय म्हणतात ते आठवत नव्हतं.’ तिला नर्सकडे नेलं, कपडे बदलले. शाळेला कळलं तेव्हा महिना गेला होता, मग चाचणी, मग मदत.

शिक्का बिक्का काही नसतो. आमच्या शाळेत ईएसएलच्या मॅडमच्या खोलीत सात-आठ पोरं असतात, त्यातली तीन तेलुगू, एक कोरियन, दोन स्पॅनिश. मला तर वाटतं साऱ्या शाळेत तेवढीच खोली आहे जिथं चुकीचं बोललं तर कुणी मान वळवून बघत नाही.

आणि ताई, डब्यात शेंगदाण्याची चटणी देऊ नका, पहिल्या दिवशी तर नकोच. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या पोरांचं वेगळं टेबल असतं, तुमच्या सांगलीकडच्या डब्यात कूट कशाकशात जातं ते तुम्हाला ठाऊक. साबुदाण्याची खिचडी आणली म्हणून एका पोराला मी टेबल बदलायला लावलं, माझ्याच जिवावर आलं. जेवायला वीसेक मिनिटं मिळतात आणि बरेचदा अकराच्या ठोक्याला. पोळीचा रोल करून द्या, भाजी आत.

जर्सीकर_काका

अकोल्याच्या वहिनींना दुजोरा. मराठी लिही.

ही मदत शाळेने उपकार म्हणून दिलेली नाही. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, लाऊ विरुद्ध निकल्स. न कळणाऱ्या भाषेत मुलांना वर्गात नुसतं बसवून ठेवणं म्हणजे शिकवणं नव्हे, असा त्याचा मथितार्थ. तेव्हापासून फॉर्ममधलं ते पान.

कोथरूडकरांना एक सांगतो, दुसऱ्या मुलाच्या वेळी खोटं लिहायची गरजच नव्हती. चाचणीनंतर शाळा पत्र पाठवते, त्यावर आईबापांना मदत नको असं लिहून देता येतं. वार्षिक परीक्षा तरी द्यावी लागते, पण वर्गातून उठवत नाहीत. आपली माणसं पत्र न वाचता फ्रिजवर चिकटवतात.

मुग्धा, नावाचं काही लिहिलं नाहीस. पासपोर्टवर ‘ईरा अमोल’ किंवा तसं काही आहे का? म्हणजे वडिलांचं नाव तिच्या नावाला जोडून? असेल तर फर्स्ट नेम, मिडल नेम नीट वेगळं केलंय का बघ. आणि बसचं विचारून घे. आठवीपर्यंतच्या मुलाला घर ते शाळा दोन मैलांच्या वर असेल तरच बस देणं बंधनकारक. त्याच्या आत असाल तर डिस्ट्रिक्टची मर्जी.

मिरजेची_मुग्धा | ६ सप्टेंबर

सगळ्यांचे आभार. जे जे झालं ते लिहिते, पुढच्या बॅचला उपयोगी पडेल.

काका, तिकीट रद्द झालं. सासरे थोडे नाराज आहेत, त्यांना मंत्रालयाच्या निमित्ताने गिरगावात बहिणीकडे राहायचं होतं असं आता कळतंय.

पत्त्यासाठी सही केलेलं लीज, लीजिंग ऑफिसचं पत्र, लाइटच्या कनेक्शनचा मेल आणि बँकेचं पत्र नेलं. बाईंनी परत लाइटचं बिल विचारलं. मी तुमचं वाक्य म्हटलं. आवाज कापत होता, पण म्हटलं. बाई आत गेल्या, पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाल्या, बिल आलं की मेल करा. वाईट नाहीत त्या. जाताना ईराला स्टिकर दिलं. लीजिंग ऑफिसलाही विचारलं, आमची बिल्डिंग त्याच टाऊनशिपमध्ये आहे, पण रस्त्यापलीकडची रांग दुसऱ्या डिस्ट्रिक्टला जाते! त्या रांगेतला फ्लॅट आम्ही स्विमिंग पूल दिसतो म्हणून घेणार होतो.

मावशी, तुम्ही फाईल न बघता सांगितलेलं तंतोतंत निघालं. नऊ महिन्यांचा १०/०८/२०१९ चा डोस, तो बाद. कांजण्यांची १२ मार्च २०२० ला झालेली, लॉकडाऊनच्या पंधरवडाभर आधी, ती धरली. टीबीचं रक्त आणि एमएमआर एकाच दिवशी, १५ तारखेची वेळ मिळाली. नर्सने ३० दिवसांची नोंद करून प्रवेश दिला. महिना अक्षरांत लिहिलेला कागद बघून ती म्हणाली, तुमच्या इतर मैत्रिणींनाही असंच करायला सांगा. मला इथे अजून मैत्रिणी नाहीत, म्हणून तुम्हाला सांगितलं.

भाषेच्या पानावर तिन्ही ओळींत मराठी लिहिलं. नवरा दोन दिवस फुगून होता. चाचणी झाली: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. तिसऱ्या दिवशी पत्र आलं. सहापैकी दोनसुद्धा नाहीत. नवऱ्याने ते तीनदा वाचलं आणि मग म्हणाला, ‘म्हणजे इंग्लिश लिहिलं असतं तर हिला कुणी विचारलंही नसतं.’ यापुढे आमच्या घरात हा विषय नाही.

पण नावाचं काका म्हणाले तेच घडलं आणि आम्ही ते बघितलंच नव्हतं. पासपोर्टवर ‘ईरा अमोल’ एकत्र आहे, फॉर्मवर तसंच फर्स्ट नेममध्ये गेलं. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारावर कागदी सफरचंदं लावलेली, प्रत्येकावर एका मुलाचं नाव. आमच्या सफरचंदावर ‘ईरा अमोल’. मॅडमनी वाकून विचारलं, ईरा-अमोल? ही मान हलवून नाही म्हणाली. मग स्वतःकडे बोट दाखवून ‘ईरा’, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बापाकडे बोट दाखवून ‘अमोल’. मॅडम खूप हसल्या. तिचं इथलं पहिलं संभाषण ते. पोर्टलवर आता हाक मारायचं नाव म्हणून नुसतं ईरा घातलंय, मिडल नेमची दुरुस्ती बाईंकडे दिलीय.

‘नापास झाले का’चं उत्तर मला नीट देता आलं नव्हतं. ते तिने स्वतःच शोधलं. वर्गात बेरजा चालल्यात, वीसच्या आतल्या. घरी येऊन म्हणाली, ‘आई, ते अजून बोटं मोजतात.’ मग जरा थांबून, ‘पण गोष्ट त्यांना कळते, मला नाही कळत.’ दुसरीचं बालभारती तिने स्वतःच बॅगेतून काढून कपाटात ठेवलं, खालच्या कप्प्यात, हाताला येईल असं.

डबा_संपव ताई, पोळीचा रोल दिला. अर्धा परत आला. उरलेला अर्धा शेजारच्या मुलीने खाल्ला म्हणे. हे बरोबर की चूक, तिथे डबा वाटून खाऊ देतात का, तेवढं सांगा.

लाइटचं बिल अजून आलेलं नाही.

डबा_संपव

वाटून खायला बंदी आहे ताई, अॅलर्जीमुळे. आम्हाला दिसलं तर बोलावं लागतं. आम्हाला बरेचदा दिसत नाही.